काळ, काम आणि रस्ता

बालमित्रांनो, काळ-काम-वेगाची गणितं तुम्हाला आवडतात का? खरं सांगा हं! '१० मजूर एक काम १२ दिवसांत करतात, तर तेच काम २० मजूर किती दिवसांत करतील?' पुस्तकाच्या शेवटी उत्तर छापलेलं असतं : ६ दिवस. मजूर दुप्पट, दिवस निम्मे. झालं गणित!

आता मी तुम्हाला दोन गणितं घालते. ती पुस्तकात नाहीत, पण आपल्या महाराष्ट्रातली आहेत आणि अगदी खरी आहेत.

पहिलं गणित. जून २०२२. अमरावती ते अकोला या राष्ट्रीय महामार्गावर लोणी आणि माना या गावांच्या दरम्यान डांबरीकरण सुरू झालं आणि ते रात्रंदिवस, न थांबता चालू राहिलं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर लांबीचा एकपदरी थर टाकून झाला. म्हणजे पुरते साडेचार दिवसही लागले नाहीत! गिनीज बुकात त्याची जागतिक विक्रम म्हणून नोंद झाली. आधीचा विक्रम कतार देशाचा होता, २०१९ सालचा. तिथे सव्वापंचवीस किलोमीटरला १० दिवस लागले होते.

दुसरं गणित. मुंबई-गोवा महामार्ग. त्यातला पनवेल ते इंदापूर हा ८४ किलोमीटरचा तुकडा. (हे इंदापूर रायगड जिल्ह्यातलं बरं का, पुणे जिल्ह्यातलं नव्हे.) त्याचं चौपदरीकरण २०११ साली सुरू झालं. त्या वर्षी पहिलीत गेलेली मुलं दहावी पास होऊन कॉलेजात गेली, तरी रस्ता पूर्ण झाला नव्हता.

एकीकडे साडेचार दिवस आणि दुसरीकडे दहा वर्षांहून जास्त! आमच्या वर्गात ही गणितं घातली तेव्हा एका मुलीने लगेच विचारलं, "बाई, मग कोकणातले मजूर झोपले होते का?"

नाही गं, अजिबात नाही. मजुरांनी दोन्हीकडे घामच गाळला. गंमत अशी आहे की काळ-काम-वेगाचं गणित फक्त हात चालू असलेला वेळ मोजतं. हात बांधून वाट बघण्यात गेलेला वेळ त्यात येतच नाही. आणि रस्त्याच्या कामात खरी मेख असते ती त्या वाट बघण्यातच.

डाळ शिजल्याशिवाय पुरण नाही

होळीच्या दिवशी घरात काय चाललेलं असतं ते आठवा. हरभऱ्याची डाळ शिजते, कट काढला जातो, गूळ घालून पुरण आटवतात, मग ते वाटतात आणि मग पोळ्या. त्याच वेळी कोणी कणीक मळून ठेवतं, कोणी बटाट्याची भाजी टाकतं, कोणी कटाच्या आमटीची तयारी करतं. आता समजा, कणीक मळायला पाव तास उशीर झाला. काय बिघडलं? काहीच नाही. पुरण तयार होईपर्यंत कणीक भिजतेच. पण डाळ चुलीवर चढवायलाच पाव तास उशीर झाला तर? अख्खं जेवण पाव तास पुढे गेलं! आणि तुमच्या चार मावश्या मदतीला धावून आल्या म्हणून डाळ काही चौपट वेगाने शिजत नाही.

म्हणजे कोणत्याही मोठ्या कामात एक साखळी अशी असते की तिच्यातली एक कडी लांबली की सगळं काम लांबतं. ही साखळी आधीच ओळखायची आणि तिच्यावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवायचं. याचं रीतसर शास्त्र अमेरिकेत १९५७ च्या सुमारास तयार झालं, ड्यूपाँट नावाच्या रसायनांच्या कंपनीत. त्याला 'क्रिटिकल पाथ' पद्धत म्हणतात. आजही मोठा पूल, धरण, कारखाना बांधताना इंजिनिअर आधी कागदावर ही साखळी मांडतात. तुमच्या आजीला मात्र ती ड्यूपाँटच्या आधीपासून ठाऊक होती!

रस्त्याच्या कामातली 'डाळ' कोणती? डांबर? खडी? रोलर? नाही. त्या पुढच्या गोष्टी. रस्त्याची डाळ म्हणजे जमीन, परवानग्या आणि पैसा.

अमरावती-अकोल्याचा विक्रम बघा. तिथे जो घातला गेला तो सगळ्यात वरचा थर. खालचे थर आधीच तयार होते, जमीन ताब्यात होती, खडी जमा होती, डांबराचं मिश्रण करणारी यंत्रं सज्ज होती, सातशेवर माणसं पाळ्या लावून तयार होती. ३६ हजार टनांहून अधिक मिश्रण लागलं. आता एक छोटं गणित करा. एका डंपरमध्ये २० टन माल धरला तर किती खेपा झाल्या? १८००! आणि वेळ होता ६३३३ मिनिटं. म्हणजे सरासरी दर साडेतीन मिनिटांनी एक भरलेला डंपर हजर हवा. एक डंपर रस्त्यात बंद पडला की मागचे खोळंबले. मिश्रण तर गरमागरमच पसरावं लागतं, प्लँटमधून निघताना ते दीडशे अंशांच्या आसपास तापलेलं असतं. गार झालं की रोलर फिरवूनही उपयोग नाही. हे सगळं साडेचार दिवसांत जुळून आलं, कारण ते आधी कित्येक दिवस कागदावर जुळवलेलं होतं.

आणि हेही सांगायला हवं, नाहीतर गणित अर्धवट राहील. हाच रस्ता त्याआधी अनेक वर्षं रखडला होता. आधीचे ठेकेदार काम सोडून गेले होते. विक्रमाचे ते १०५ तास सगळ्यांना माहीत आहेत. आधीची वर्षं मात्र फक्त त्या रस्त्यावरून खड्डे चुकवत जाणाऱ्यांना आठवतात.

सावित्रीचा पूल

आता परत कोकणात येऊ. २ ऑगस्ट २०१६ ची रात्र. महाडजवळ सावित्री नदीला महापूर आला होता. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी ही नदी पावसाळ्यात रौद्र रूप घेते. तिच्यावरचा दगडी कमानींचा पूल १९२८ सालचा, इंग्रजांच्या काळातला. त्या रात्री अंधारात तो वाहून गेला. मुंबईकडे निघालेल्या दोन एस.टी. बस आणि एक खाजगी गाडी नदीत कोसळली. चाळीसच्या आसपास माणसं त्यात गेली. कित्येक दिवस शोध चालू होता, आणि काहीजण तर सापडलेच नाहीत. कोकणातल्या अनेक घरांत त्या रात्रीची आठवण अजून निघते.

त्यानंतर सरकारने सांगितलं, नवा पूल १८० दिवसांत बांधू. लोकांनी मान हलवली. असं आपण पुष्कळदा ऐकतो, नाही का? पण डिसेंबरमध्ये काम सुरू झालं आणि १६५ दिवसांत पूल उभा राहिला! ५ जून २०१७ ला तो वाहतुकीसाठी खुला झाला. पाऊस कोकणात पोचायच्या जरासं आधी.

मुलांनो, हा पूल त्याच मुंबई-गोवा महामार्गावर आहे. तोच पाऊस, तीच माती, तसेच इंजिनिअर, तसेच मजूर. मग इथे १६५ दिवस आणि बाकीच्या रस्त्याला वर्षानुवर्षं, असं का?

थोडा विचार केला तर कारणं दिसतात. पूल जुन्या पुलाच्याच जागी बांधायचा होता, म्हणून कुणाची शेती-घर घ्यायचा प्रश्न जवळजवळ नव्हता. पैसा लगेच मंजूर झाला. काम आटोपशीर होतं आणि एकाच ठेकेदाराकडे होतं. तारीख ठरलेली होती आणि साऱ्या महाराष्ट्राचं त्या तारखेकडे लक्ष होतं, त्यामुळे एखादी फाइल टेबलावर पडून राहिली तर विचारणारे शंभर जण होते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काम डिसेंबरात सुरू झालं. नदीचं पाणी उतरलेलं, पुढे कोरडे सहा महिने. नदीतला पाया घालायला याहून चांगला काळ नाही.

एक महिना आठ महिने कसा होतो?

पावसाची ही गोष्ट नीट समजून घ्या, कारण कोकणातल्या रस्त्याचं अर्धं दुखणं इथेच आहे.

समजा, एका ओढ्यावरच्या पुलाचा पाया भरायला तीन महिने लागतात. परवानगीचा कागद १ मार्चला हातात पडला तर पाया मे अखेर पूर्ण. छान. पण तोच कागद १ एप्रिलला आला तर? तीन महिने म्हणजे जून अखेर. पण जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात पाऊस सुरू! अर्धवट पाया पुराच्या पाण्यात कोण सोडणार? म्हणून शहाणा इंजिनिअर काम सुरूच करत नाही. तो पाणी उतरायची वाट बघतो. १ नोव्हेंबरला सुरुवात, जानेवारी अखेर पाया पूर्ण. कागद आला एक महिना उशिरा, काम लांबलं आठ महिने. या आठ महिन्यांत यंत्रांचं भाडं चालू, बँकेचं व्याज चालू, सिमेंट-सळईचे भाव चढते. हे पैसे कुठून येतात, हे आईबाबांना विचारा. पेट्रोलवरचा कर, टोल, सगळं आपल्याच खिशातलं.

काँक्रीटचंही तसंच. ते ओतलं म्हणजे झालं असं नसतं. त्याला पाणी मारत राहावं लागतं. त्याची पुरती ताकद २८ दिवसांनी तपासतात. त्यासाठी काँक्रीटचे छोटे ठोकळे करून ठेवतात आणि ते यंत्रात दाबून फोडून बघतात. मंत्री आले काय आणि कलेक्टर आले काय, २८ दिवसांचे १४ होत नाहीत.

सातबाऱ्यावरची नावं

पनवेल-इंदापूरच्या तुकड्यात काय झालं? रस्ता रुंद करायचा तर दोन्ही बाजूंची जमीन हवी. त्यासाठी आधी मोजणी, मग सूचना, मग लोकांच्या हरकती, मग निवाडा, आणि मग मोबदल्याचे पैसे. कोकणातला सातबारा कधी पाहिलाय? एकेका तुकड्यावर चुलत्यांची, आत्यांची, मुंबईला गिरणीत गेलेल्या काकांची अशी पंधरा-वीस नावं! प्रत्येकाची सही हवी, आणि निम्मे लोक मुंबईत. शिवाय वाटेत कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य. तिथे झाड तोडायचं तर वेगळी परवानगी. पुढे ठेकेदाराकडचे पैसे आटले, काम थंडावलं, आणि शेवटी त्याच्याकडून ते काढून घ्यावं लागलं. नवा ठेकेदार नेमायचा म्हणजे पुन्हा अंदाजपत्रक, पुन्हा निविदा, पुन्हा कार्यादेश. त्यात महिनेच्या महिने जातात. हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेलं आणि तिथे काम पूर्ण होण्याच्या तारखांवर तारखा दिल्या गेल्या.

चिपळूणजवळच्या परशुराम घाटात आणखी वेगळं. तिथे जमिनीचा मोबदला कुणाला किती मिळावा, यावरून देवस्थान, खोत आणि कुळं यांच्यात वाद होता. वाद मिटेपर्यंत डोंगर तसाच. नंतर घाईने डोंगर कापायची वेळ आली, तर दरडी कोसळू लागल्या. २०२२ च्या उन्हाळ्यात काम करता यावं म्हणून महिनाभर दुपारचे पाच तास घाट वाहतुकीला बंद ठेवावा लागला.

इथे एक गोष्ट सांगून ठेवते. काही मोठी माणसं पटकन म्हणतात, 'शेतकरी जमीन सोडत नाहीत म्हणून रस्ते होत नाहीत.' हे मला पटत नाही. ज्याच्या अंगणातला हापूस जाणार, ज्याची विहीर बुजणार, त्याने 'मला योग्य मोबदला द्या' म्हटलं तर त्यात चूक काय? चूक असेल तर ती हिशेब पूर्ण व्हायच्या आधी बुलडोझर आणून उभा करण्यात आहे. ही चूक लोकांच्या लक्षात आलेली आहे. म्हणून राष्ट्रीय महामार्गांसाठी आता असा दंडक आहे की लागणारी ऐंशी-नव्वद टक्के जमीन हाती असल्याशिवाय काम सुरू करायचं नाही. म्हणजे, आधी डाळ शिजवा!

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या वेळी हेच बऱ्याच अंशी साधलं होतं. त्याची पाहणी १९९० ते १९९४ मध्येच झाली होती. १९९७ मध्ये काम रस्ते विकास महामंडळाकडे सोपवलं गेलं, त्याच वर्षी पर्यावरणाची आणि वनखात्याची परवानगी मिळाली. १ जानेवारी १९९८ ला चार ठेकेदारांना एकदमच चार भागांचे कार्यादेश दिले. त्यामुळे कामशेतचा बोगदा पूर्ण होईपर्यंत पनवेलच्या बाजूला कोणी हात बांधून बसलं नाही. काँक्रीट पसरायला जर्मन बनावटीची यंत्रं होती. २००० साली पहिले टप्पे खुले झाले आणि २००२ मध्ये सहापदरी ९४ किलोमीटरचा सगळा रस्ता. तरी त्यातही एक गोष्ट राहून गेली. खोपोली ते खंडाळा या घाटात जुना रस्ता आणि नवा रस्ता एकत्र येत होते. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी तिथे गाड्यांची रांग लागायची. ती गाठ सोडवण्यासाठी नवा बोगदा आणि उंच पूल बांधायचं काम २०१९ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी सुरू झालं.

नुसती घाई नको

'मग सगळे रस्ते धडाधड करून टाका ना!' असं म्हणाल तर थांबा. १६ ऑक्टोबर २०२३ ला चिपळूणच्या बहादूरशेख नाक्यावर बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचे गर्डर कोसळले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही, पण त्यानंतर पुलाचा आराखडाच बदलावा लागला आणि काम आणखी लांबलं. म्हणजे रस्त्याचं काम चांगलं झालं की नाही हे ठरवायला तीन तराजू लागतात : वेळ, पैसा आणि टिकाऊपणा. एकाच तराजूकडे बघून चालत नाही. लवकर झाला पण दुसऱ्या पावसात उखडला, तर तो रस्ता उशिराच झाला असं समजा, कारण तो पुन्हा करावा लागणार!

आणि ठेकेदार-इंजिनिअरांवर कोणी बारीक लक्ष ठेवायचं? त्यासाठीही एक साधं साधन आहे. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी काढायची, वर महिने लिहायचे, आणि दर आठवड्याला जितकं काम झालं तितकी पट्टी रंगवायची. हेन्री गँट नावाच्या अमेरिकन इंजिनिअरने शंभर वर्षांपूर्वी ही पद्धत वापरात आणली, म्हणून तिला गँट चार्ट म्हणतात. आम्हा शिक्षकांनाही जूनमध्ये वार्षिक नियोजनाचा असाच तक्ता करावा लागतो, कुठला धडा कुठल्या महिन्यात ते लिहून. तक्ता सुंदर करणं सोपं आहे, दर शनिवारी तो उघडून बघणं अवघड! रस्त्याचंही तसंच. उशीर पहिल्या महिन्यातच दिसला तर तो भरून काढता येतो. दोन वर्षांनी दिसला तर पेपरातच वाचावा लागतो.

२०२३ च्या गणपतीत कशेडीचा नवा बोगदा एका बाजूने उघडला, तेव्हा घाटाची वळणं चुकली म्हणून चाकरमानी खूश झाले. सिंधुदुर्ग जिल्ह्यातला रस्ता तर कितीतरी आधी पूर्ण झाला होता. पण इंदापूर आणि माणगाव या गावांना वळसा घालून जाणारे रस्ते २०२५ च्या गणपतीतही अपुरेच होते, आणि तिथल्या बाजारपेठेत गाड्या तासन् तास उभ्या होत्या.

तुमच्या गावाजवळ रस्त्याचं काम चालू असेल तर तिथे एक फलक शोधा. त्यावर कामाचं नाव, किंमत, ठेकेदार, काम सुरू झाल्याची तारीख आणि पूर्ण होण्याची तारीख लिहिलेली असते. आणखी एक ओळ असते, 'दोष दायित्व कालावधी'. म्हणजे तेवढ्या काळात रस्ता खराब झाला तर ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायचा. हे सगळं वहीत उतरवून घ्या आणि आईबाबांना दाखवा. रस्त्याच्या कडेला विजेचे खांब अजून जुन्याच जागी आहेत का, पाण्याची पाइपलाइन आधी हलवली की नंतर त्यासाठी नवा रस्ता खोदला, हेही टिपून ठेवा. फलक नसेल, किंवा त्यावर पूर्ण होण्याच्या तारखेची जागा कोरी असेल, तर माहितीचा अधिकार कायदा, २००५ खाली कोणीही मोठा माणूस दहा रुपयांचं तिकीट लावून अर्ज करू शकतो. अर्ज लिहिताना अक्षर मात्र तुमचं चालेल.